तुळईवरचं नाव

निंग गोंगयू नावाच्या एका बाईनं सन ८५७ मध्ये चीनच्या डोंगराळ मुलखात एक बुद्धमंदिर उभं करायला पैसा दिला. ती राणी नव्हती की राजकन्या नव्हती. मंदिर सगळं लाकडाचं. त्यानंतर राजघराणी बदलली, परचक्रं आली, आजूबाजूची देवळं जळाली, पडली, पुन्हा बांधली गेली. हे मंदिर मात्र जागचं हललं नाही. त्याच्या छताखालच्या तुळईवर शाईनं लिहिलेलं तिचं नावही तसंच राहिलं, वरून लागलेल्या रंगाच्या आणि धुळीच्या थराआड. ते पुन्हा वाचलं गेलं १९३७च्या उन्हाळ्यात आणि वाचणारीही एक बाईच होती.

हे मंदिर ज्या तालुक्यात आहे त्याचं नाव वूताई. चिनी भाषेत 'श्येन' म्हणतात ते साधारण आपल्या तालुक्याच्या तोलाचं. चीनमधलं कारभाराचं हे फार जुनं एकक आहे. वर राजे आले-गेले, प्रांतांच्या सीमा पुसल्या-आखल्या गेल्या, पण श्येन टिकले. वूताईला हे नाव सन ६०६ मध्ये, सुई राजवटीत मिळालं. आज तो शान्शी प्रांतात येतो. बीजिंगपासून नैर्ऋत्येला, कोळशाच्या आणि पिवळ्या मातीच्या मुलखात. 'वू' म्हणजे पाच, 'ताई' म्हणजे ओटा किंवा चौथरा. इथल्या डोंगराची पाच शिखरं टोकदार नाहीत, माथ्यावर सपाट आहेत, म्हणून पाच ओट्यांचा डोंगर. त्यातला उत्तरेकडचा ओटा ३,०६१ मीटर उंच. उत्तर चीनमध्ये याहून उंच जागा नाही. उन्हाळ्यातही इथं अंगावर शाल लागते, म्हणून या डोंगराचं जुनं नाव छिंगल्यांग, म्हणजे शीतल.

या 'शीतल'पणातूनच त्याचं भाग्य उजळलं. अवतंसक सूत्रात मंजुश्री बोधिसत्त्वाचा निवास ईशान्येकडच्या शीतल पर्वतावर असल्याचं म्हटलं आहे. ईशान्य कुठून मोजायची? अर्थात भारतातून. चिनी भिक्षूंनी नकाशा आठवला, आपल्याकडचा थंड डोंगर पाहिला आणि ठरवून टाकलं की तो पर्वत हाच. प्रज्ञेचा बोधिसत्त्व, हातात तलवार, सिंहावर बसलेला, असा हा मंजुश्री भारतातून उठून शान्शीत राहायला गेला. उत्तर वेई राजवटीत, पाचव्या शतकापासून इथं मठ वाढू लागले. पुढे अमेई, पुतुओ, ज्युहुआ आणि वूताई असे चार बौद्ध पर्वत चीनमध्ये मानले गेले. त्यांत वूताईचा मान पहिला. देवाचं मूळ ठिकाण परदेशात गेल्याची अशी उदाहरणं जगात थोडीच असतील. मंजुश्रीच्या दर्शनासाठी भारतातले भिक्षू चीनला जायला लागले, हे तर त्याहून नवलाचं.

त्यांच्यातल्या एकाची गोष्ट तांग राजवटीच्या काळात फार चालली. काश्मीरकडचा बुद्धपाली नावाचा भिक्षू सन ६७६ मध्ये वूताईच्या पायथ्याशी पोचला. तिथं त्याला एक म्हातारा भेटला. म्हाताऱ्यानं विचारलं, 'उष्णीषविजया धारणीचं सूत्र आणलंस का?' बुद्धपाली म्हणाला, 'नाही.' म्हातारा म्हणाला, 'मग हात हलवत आलास कशाला? परत जा, घेऊन ये, मग मंजुश्री भेटेल.' भिक्षूनं मान खाली घातली आणि वर पाहिलं तर समोर कुणी नाही. तो आल्या वाटेनं भारतात परतला आणि ६८३ मध्ये सूत्र घेऊन पुन्हा आला. सूत्राचं भाषांतर झालं, मूळ पोथी घेऊन तो वूताईवर चढला आणि परत कुणाला दिसला नाही, अशी त्या कथेची अखेर. कथा खरी-खोटी कशीही असो, ती धारणी, म्हणजे तो मंत्र, मात्र चीनभर पसरली. ७७६ मध्ये सम्राटानं हुकूमच काढला की देशातल्या प्रत्येक भिक्षू-भिक्षुणीनं ती रोज एकवीस वेळा म्हणावी. ती आठ कोनी दगडी खांबांवर कोरून मंदिरांच्या अंगणात उभी करायची रीत पडली. खांबाची सावली अंगावर पडली, त्यावरची धूळ उडून अंगाला लागली तरी पाप जातं, असा विश्वास. अशाच एका खांबाकडे आपल्याला पुढे परत यायचं आहे.

तांग काळातलं वूताई कसं होतं, हे एका जपानी भिक्षूमुळे कळतं. एन्निन त्याचं नाव. तो ८४० मध्ये इथं आला आणि त्यानं रोजनिशी लिहिली. त्या काळच्या चीनबद्दल परक्या माणसानं लिहिलेलं इतकं बारकाव्याचं दुसरं काही क्वचितच सापडतं. त्यानं एक कथा नोंदवली आहे. मोठं अन्नदान चाललेलं असताना एक गरोदर भिकारीण पंगतीला आली. तिनं आपला वाटा घेतला आणि पोटातल्या पोराचाही वाटा मागितला. यजमान चिडला. जन्मालाच न आलेल्याला कसला वाटा? ती म्हणाली, पोटातल्याला मिळत नसेल तर मलाही नको, आणि उठून बाहेर पडली. दारातून बाहेर पडताच तिचा मंजुश्री झाला आणि सगळं आकाश उजळलं. तेव्हापासून इथल्या अन्नदानात पुरुष-बाई, थोर-लहान, भिक्षू-प्रापंचिक असा भेद न करता सगळ्यांना सारखं वाढतात, असं एन्निन लिहितो. पंगतीत कोण बसलंय कुणास ठाऊक, म्हणून सगळ्यांना सारखं. पंढरीच्या वाटेवर अन्न वाढणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

एन्निन येऊन गेला आणि पाच वर्षांत हे सगळं कोसळलं. ८४५ मध्ये सम्राट वूझोंगनं बौद्ध मठांवर घाव घातला. कारणं धर्माची होती तशी पैशाचीही होती. मठांच्या जमिनींवर कर नव्हता, भिक्षूंना वेठ नव्हती, आणि मूर्ती-घंटांमध्ये अडकलेला तांब्याचा साठा नाण्यांसाठी हवा होता. सरकारी आकड्यानुसार ४,६०० मोठे मठ पाडले गेले, चाळीस हजार लहान देवळं गेली, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना प्रपंचात ढकललं गेलं. चीनमधल्या बौद्ध धर्मावर इतका मोठा आघात पूर्वी झाला नव्हता. वूताईही सुटलं नाही. तालुक्यातच डोंगराच्या कुशीत फोग्वांग नावाचं मंदिर होतं. फोग्वांग म्हणजे बुद्धप्रकाश. तिथं मैत्रेयाचं तीन मजली उंच मंदिर होतं. तेही गेलं.

वूझोंग पुढच्याच वर्षी वारला. नव्या सम्राटानं बंदी उठवली. फोग्वांगचा युआनचेंग नावाचा भिक्षू पुन्हा कामाला लागला आणि त्याला पैशाचं पाठबळ मिळालं राजधानी चांगआनमधून, म्हणजे सहाशे किलोमीटरहून दूरच्या शहरातून. जुन्या मैत्रेय मंदिराच्या जागेवर ८५७ मध्ये नवं बुद्धमंदिर उभं राहिलं. डोंगर फोडून केलेल्या उंच चौथऱ्यावर, पश्चिमेकडे तोंड करून. हेच ते निंग गोंगयूचं मंदिर.

आता एकदम १९३०च्या दशकात येऊ. लियांग सिचेंग आणि लिन ह्वेयिन हे नवरा-बायको. दोघंही अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठात शिकलेले. लिनला वास्तुरचनाच शिकायची होती, पण तिथं त्या विभागात मुलींना प्रवेश नव्हता. तिनं ललितकलेत नाव घातलं आणि वास्तुरचनेचे वर्गही केले. (विद्यापीठानं तिला वास्तुरचनेची पदवी दिली ती २०२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.) लिन ही कवयित्रीही होती. १९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर बीजिंगला गेले तेव्हा त्यांच्या वाढदिवशी त्यांचं 'चित्रा' हे नाटक झालं. त्यात चित्रांगदेची भूमिका लिननं केली होती. लियांगला त्याच्या वडिलांनी अमेरिकेत एक पुस्तक पाठवलं. 'यिंगझाओ फाशी' नावाचा, ११०३ मध्ये छापलेला बांधकामाचा सरकारी ग्रंथ. लियांगला त्यातलं अक्षरही कळेना. सुतारांची बोली आठशे वर्षांत बदलली होती. पुस्तक समजून घ्यायचं तर त्या काळच्या इमारतीच समोर हव्यात, हे त्याला उमगलं. पुढे या दोघांनी मुलाचं नाव त्या ग्रंथाच्या कर्त्यावरून ठेवलं, यावरून त्यांचं वेड किती होतं ते कळावं.

इमारती हव्यात, पण कुठून आणायच्या? चीनमध्ये घर, देऊळ, राजवाडा सगळं लाकडाचं. लाकूड जळतं, कुजतं, वाळवी खाते. जपानी अभ्यासकांचं म्हणणं होतं की चीनमध्ये तांग काळातली लाकडी इमारत उरलेलीच नाही. ती पाहायची तर जपानमध्ये नाराला या. हे लियांग-लिन यांना झोंबलं. ते दरवर्षी मोजमापाची साधनं घेऊन खेड्यापाड्यांत हिंडू लागले. ९८४ सालचं मंदिर सापडलं, १०५६ सालचा सदुसष्ट मीटर उंचीचा लाकडी मनोरा सापडला. तांग काळ मात्र हाती लागेना.

सुगावा लागला तो वूताईपासून दीड हजार किलोमीटरहून दूर, दुनह्वांगच्या गुहांत. पॉल पेलियो या फ्रेंच अभ्यासकानं तिथल्या भित्तिचित्रांचे फोटो छापले होते. एकसष्ट क्रमांकाच्या गुहेत दहाव्या शतकातलं वूताईचं भलंमोठं चित्र आहे. डोंगर, वाटा, यात्रेकरू, धर्मशाळा, मठ, आणि प्रत्येकाच्या शेजारी नाव. त्यांत एक होतं 'महा फोग्वांगचं मंदिर'. भिंतीवरचा तो जणू यात्रेचा नकाशाच. हजार वर्षांनी कुणीतरी तो नकाशा म्हणून वापरला.

लियांगचा तर्क मला फार आवडतो, कारण तो भाविकाचा नाही, हिशेबनिसाचा आहे. वूताईचं केंद्र म्हणजे तायहुआय, पाच ओट्यांच्या मधलं खोरं. तिथं सम्राट जात, पैसेवाले जात. पैसा येतो तिथं जीर्णोद्धार होतो आणि जीर्णोद्धार झाला की जुनं जातं. बाहेरच्या बाजूच्या, आडवाटेच्या, गरीब मंदिरांना नवं बांधायला दमडी मिळत नाही, तेव्हा जुनं सापडलं तर तिथंच सापडेल. म्हणून १९३७च्या जूनमध्ये ही मंडळी तायुआनहून निघाली. आधी मोटार, मग खेचरं. तायहुआयकडे न वळता ती कड्याच्या कडेनं जाणाऱ्या वाटांनी फोग्वांगला पोचली. मंदिरात सत्तरी उलटलेला एक भिक्षू होता आणि त्याचा मुका चेला. बाकी कुणी नाही.

आवारातलं पूर्वेकडचं ते मंदिर पाहताक्षणी ओळखू आलं असावं, कारण त्याचं छप्पर वेगळंच आहे. पुढच्या काळातली चिनी देवळं आपल्याला चित्रांतून माहीत असतात. टोकं वर वळलेली, रंगीबेरंगी, नटलेली. हे तसं नाही. छप्पर पसरट, उतार संथ, वळचण भिंतीच्या पुढे ऐसपैस आलेली. रुंदीला सात खण, खोलीला चार. दर्शनी बाजू ३४ मीटर. नक्षी जवळजवळ नाही.

एवढी मोठी वळचण अधांतरी कशी राहते, यातच चिनी सुतारकामाची सगळी कमाल आहे. ते थोडं समजून घेऊ. चिनी मंदिरात भिंत भार घेत नाही. भार सगळा खांबांवर. भिंत काढून टाका, इमारत उभी राहील. खांबाच्या डोक्यावर एक चौकोनी ठोकळा बसवतात. त्याला 'दोउ' म्हणतात, म्हणजे धान्य मोजायचं माप, कारण आकार तसाच. त्या ठोकळ्याच्या खाचांत आडवे-उभे हात बसतात, त्या हातांच्या टोकांवर पुन्हा लहान ठोकळे, त्यांवर पुन्हा हात. पसरलेल्या ओंजळीसारखी ही रचना वर वर रुंदावत जाते आणि खांबाच्या रेषेपासून बरंच पुढे जाऊन छपराला हात देते. त्यातच छपराच्या उताराला समांतर असे लांब तिरके दांडे घातलेले असतात. त्यांचं बाहेरचं टोक वळचणीच्या वजनानं खाली दाबलं जातं आणि आतलं टोक छपराच्या वजनाखाली दाबून धरलेलं असतं. तराजूच दोन्ही बाजूंनी. सांधे खाचेत खुंटी बसवून केलेले. त्यांना किंचित हलायला वाव असतो, म्हणून भूकंपात इमारत कुरकुरते, डुलते आणि पुन्हा जागेवर बसते.

पुढच्या शतकांत हे हात-ठोकळे लहान होत गेले, संख्येनं वाढले आणि शेवटी वळचणीखालची शोभेची झालर बनून राहिले. फोग्वांगमध्ये ते खऱ्या कष्टाचे आहेत. त्यांची उंची खांबाच्या जवळजवळ निम्मी. हाताची एकेक लाकडी पट्टी ३० सेंटिमीटर उंच. 'यिंगझाओ फाशी'त लाकडाच्या या मापाच्या आठ प्रती दिल्या आहेत आणि एकदा प्रत ठरली की खांब, तुळया, वळचण सगळ्यांची मापं तिच्यावरून निघतात. फोग्वांगचं माप त्या ग्रंथातल्या सगळ्यात मोठ्या प्रतीपेक्षाही मोठं निघालं. इमारत ग्रंथाहून जुनी आहे, हे ती स्वतःच सांगत होती.

पण अंदाजानं काळ ठरत नाही. साल लागतं. सालं तुळयांवर लिहायची रीत होती, म्हणून सगळे छताच्या वर चढले. खालच्या लाकडी चौकटीच्या छतामुळे वरची पोकळी अंधारी गुडूप. पायाखाली शतकांची धूळ, इतकी जाड की पाय रुतावा. आढ्याला हजारो वटवाघळं लटकलेली, धुळीत मेलेल्यांचे सांगाडे आणि त्यांच्या रक्तावर जगणाऱ्या ढेकणांची फौज. तोंडाला फडकी बांधून, विजेरीच्या उजेडात ही माणसं तासन् तास मापं घेत, चित्रं काढत, फोटो काढत राहिली. बाहेर येऊन श्वास घ्यावा आणि पाहावं तो कपड्यांत, पिशव्यांत ढेकूण. अशा हालांतच लियांगला आढ्याखाली इंग्रजी 'व्ही' उलटा करावा तशी कैची दिसली. मधे खांबच नाही. अशी कैची तोवर चित्रांतच पाहायला मिळालेली होती, प्रत्यक्षात चीनमध्ये कुणाला सापडली नव्हती.

साल मात्र तिथंही नव्हतं. ते खालीच होतं आणि लिनला दिसलं. तिला लांबचं चांगलं दिसे. खाली उभं राहून वर पाहताना एका तुळईच्या बुडावर, लालसर रंगाच्या थराखाली शाईच्या पुसट खुणा तिच्या नजरेत भरल्या. बाकीच्यांना काहीच दिसेना. पहाड बांधायला माणसं हवीत म्हणून गावात निरोप धाडला. शेतीचे दिवस, माणसं थोडीच मिळाली. जवळच्या चादरी फाडून, ओल्या करून तुळया पुसायला सुरुवात झाली. अर्ध्या दिवसात दोनच तुळया धुऊन झाल्या. लाकूड ओलं असेतो अक्षरं उमटायची, वाळलं की पुन्हा गडप व्हायची. सगळं वाचायला तीन दिवस लागले. त्यात राजधानीतल्या अधिकाऱ्यांची नावं होती, एका दिवंगत सेनाधिकाऱ्याचं नाव होतं आणि पुढे होतं: बुद्धमंदिराची दात्री, राजधानीहून दान घेऊन आलेली शिष्या, निंग गोंगयू.

हे नाव लिनला ओळखीचं वाटलं. मंदिरासमोर आठ कोनी दगडी खांब होता, तो तिनं पाहिला होता. ती धावत बाहेर गेली. खांबावर तेच नाव, 'बुद्धमंदिराची यजमानीण' म्हणून, आणि त्याच्याबरोबर साल, तांग सम्राटाच्या राजवर्षाप्रमाणे लिहिलेलं, आपल्या हिशेबानं ८५७. आणि खांबावर कोरलेला मंत्र कोणता? उष्णीषविजया धारणी. काश्मीरच्या भिक्षूला त्या म्हाताऱ्यानं आणायला लावलेली, तीच.

तुळई आणि खांब यांची गाठ पडली आणि चीनमध्ये तांग काळातली लाकडी इमारत आहे, हे निर्विवाद झालं. त्या संध्याकाळी मावळतीच्या उन्हात सगळं मंदिर लाल झालं होतं. मंडळींनी जपून पुरवून ठेवलेली डबाबंद खाद्यं काढली आणि उद्याची चिंता न करता अंगणातच मेजवानी केली.

एक गंमत राहिलीच. आत बुद्धमूर्तींचा लांबरुंद चबुतरा आहे. त्यावर तांग काळातल्या पस्तीस मातीच्या मूर्ती. बुद्ध, बोधिसत्त्व, दानव तुडवणारे दिक्पाल. या सगळ्या देवदेवतांच्या मेळ्यात, चबुतऱ्याच्या टोकाशी, चाळिशीतली एक भरल्या अंगाची बाई मांडी घालून बसलेली आहे. माणसाएवढी मूर्ती, कपडे साधे, हात बाह्यांमध्ये घेतलेले. ही कोण, असं लिननं म्हाताऱ्या भिक्षूला विचारलं. तो म्हणाला, गादी बळकावणारी सम्राज्ञी वू झेत्यान. लोकांची रीतच ही. मोठं काही दिसलं की ते कुणा राजाचं नाहीतर राणीचं, असं सांगायचं. तुळई वाचल्यावर उलगडा झाला. सम्राज्ञी कसली, ती तर निंग गोंगयू. आपण बांधवलेल्या मंदिरात बसून ती बुद्धाकडे पाहत होती. भिक्षू युआनचेंगचीही मूर्ती तिथं आहे. लिननं निंगच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो फोटो आजही पाहायला मिळतो.

हा आनंद आठवडाभरही टिकला नाही. ७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळ मार्को पोलो पुलावर गोळ्या झडल्या आणि जपानशी युद्ध पेटलं. या डोंगरात पेपर कुठला! बातमी काही दिवसांनी पोचली. लियांग-लिन मुलांना घेऊन दक्षिणेकडे पळाले आणि पुढची वर्षं सिचुआनमधल्या लिझुआंग नावाच्या खेड्यात काढली. लिनला क्षयानं अंथरुणाला खिळवलं. तिआनजिनच्या बँकेच्या तळघरात ठेवलेले त्यांचे फोटो आणि कागद १९३९च्या पुरात भिजून बरेचसे वाया गेले. तरी फोग्वांगचा अहवाल त्यांनी लिहिला. लिझुआंगमध्ये छापखाना नव्हता, म्हणून हातानं लिहून, दगडी छापावर प्रती काढून १९४४ साली तो प्रसिद्ध झाला. चिनी वास्तुशास्त्राचा पायाच म्हणावा असा तो मजकूर अशा हलाखीत बाहेर आला.

वूताई तालुक्याचं नशीब एवढ्यावर थांबलं नाही. १९५३ मध्ये एका पाहणीत त्याच तालुक्यात, एका खेड्याच्या कडेला नानचान नावाचं लहानसं मंदिर सापडलं. तीन खणांचं, रुंदी १२ मीटरही नाही. तुळईवर साल होतं ७८२. म्हणजे फोग्वांगहून पंचाहत्तर वर्षांनी जुनं आणि ८४५च्या धाडीच्याही आधीचं! चाळीस हजार देवळं पाडणाऱ्या हुकमातून हे सुटलं ते बहुधा कुणाच्या खिजगणतीत नव्हतं म्हणून. आज चीनमधली सर्वांत जुनी लाकडी इमारत म्हणून ते ओळखलं जातं. १९६१ मध्ये चीननं राष्ट्रीय वारशाची पहिली यादी केली तेव्हा ही दोन्ही मंदिरं तिच्यात होती. २००९ मध्ये वूताई पर्वत जागतिक वारसा ठरला.

तायहुआयवर मी अन्याय करतो आहे असं कुणी म्हणेल. तिथली मंदिरं मोठी आहेत, सुंदर आहेत. नेपाळी शिल्पी अरनिकोच्या नावाशी जोडलेला पांढरा स्तूप तिथंच आहे. चिनी परंपरेचे आणि तिबेटी-मंगोल परंपरेचे भिक्षू तिथं शेजारी शेजारी नांदतात. कांगशी सम्राट पाच वेळा आला, च्येनलोंग सहा वेळा. पण इतक्या दर्शनांची किंमत तिथल्या जुन्या लाकडानं मोजली. प्रत्येक भाविक राजानं काहीतरी नवं बांधलं आणि प्रत्येक नव्याखाली एक जुनं गाडलं गेलं. जीर्णोद्धाराच्या वर्गणीचं पुस्तक घेऊन कुणी दारात आलं की मला हल्ली नानचान आठवतं.

मराठी माणसाचा या मुलखाशी एक धागा आहे आणि तो देवळांचा नाही. १९३७च्या नोव्हेंबरात, लियांग-लिन गेल्यावर चार महिन्यांनी, जपानविरोधी लढ्याचा जिन-चा-जी लष्करी विभाग वूताईतच स्थापन झाला. कॅनडाचा शल्यविशारद नॉर्मन बेथून तिथं आला आणि १९३८च्या सप्टेंबरात वूताई तालुक्यातल्या सोंगयानकोउ गावात त्यानं एक नमुनेदार रुग्णालय उघडलं. जखमेच्या संसर्गानं तो १९३९ मध्ये वारला. त्याच्या नावानं त्याच लष्करी विभागात जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय चालू झालं, त्याचे पहिले संचालक १९४१च्या जानेवारीत झाले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीसांनी तिथल्याच परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी, वूताईच्या पूर्वेला हबेई प्रांतातल्या एका खेड्यात ते गेले. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे आपल्याला कोटणीस माहीत आहेत, पण ज्या डोंगररांगेत ही कहाणी घडली तिच्यात मंजुश्री राहतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

कधी त्या बाजूला गेलात तर तायहुआयच्या गर्दीबरोबर जाऊ नका, निदान एक दिवस तरी नको. दोउत्सुन गावाचा रस्ता विचारा. फोग्वांगचं तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा दुपार कलल्यावर जा, म्हणजे उजेड दारातून आत येतो. बुद्धांच्या मूर्ती आपसूक दिसतील. नंतर चबुतऱ्याच्या टोकाशी जरा शोधा. साध्या कपड्यांतली, हात बाह्यांत घेतलेली बाई दिसेल, तीच निंग गोंगयू.